समोरचा खटका

१

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. आत्याने शपथ वगैरे घातली नाही, तिला तसलं आवडत नाही. तिने फक्त आपला चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "ज्या मुलीला नसलेले आवाज ऐकू येतात, तिच्या हातात कुणी पिस्तूल देत नाही. कळलं ना?"

मला कळलं. म्हणून मी बोलत नाहीये, लिहितेय. तसंही बोलण्यापेक्षा मला ते बरं जमतं. वर्गात हजेरीला मी 'हजर' म्हणते ते पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही. बाईंनी मला गैरहजर मांडलेलं आहे आणि मी त्यांच्या डोळ्यांसमोर बसलेली होते.

आत्याचं चष्म्याचं दुकान आहे. त्याआधी ती नेमबाज होती, पण एका जागी उभं राहून सावकाश नेम धरणाऱ्यांतली नाही. तिचा प्रकार वेगळा. पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये, दोन्ही हात सैल सोडलेले. टायमर कधी वाजेल हे कुणालाच माहीत नसतं. वाजला की हात खाली जातो, पिस्तूल वर येतं, नजर स्थिरावते, खटका ओढला जातो, आणि बघणाऱ्याने श्वास सोडायच्या आत सगळं होऊन गेलेलं असतं. हेच ती मला शिकवत होती.

नेमबाजी क्लबच्या मुलींच्या संघात एक जागा रिकामी झाली होती. दीड सेकंदाच्या आत टार्गेटच्या मधल्या चौकोनात गोळी मारायची, आणि त्यात जी सगळ्यांत जलद तिला ती जागा. पुढच्या वर्षी माझं वय उलटणार होतं. म्हणजे या वर्षी, नाहीतर कधीच नाही.

घरी कळलं तेव्हा दादा म्हणाला, "जी मुलगी बसमध्ये 'थांबवा' म्हणायला लाजते आणि पुढच्या स्टॉपवरून चालत परत येते, ती पिस्तूल चालवणार?"

पण जगात ही एकच गोष्ट अशी सापडली होती, जिच्यात जिंकायला तोंड उघडावं लागत नव्हतं.

२

दुकानाच्या मागे एक लांबट, अरुंद खोली आहे. डोळे तपासायची यंत्रं यायच्या आधी गिऱ्हाइकाला तिच्या एका टोकाला खुर्चीत बसवून दुसऱ्या टोकाची अक्षरं वाचायला लावत. ती अक्षरांची पेटी अजून भिंतीवर आहे. तिच्या आत दिवा आहे, त्याचं बटण दाराशी, आणि पुढे दुधी काच. आता खोलीत फ्रेमची खोकी रचलेली असतात आणि काच घासायच्या पावडरीचा कोरडा वास येतो.

पेटीच्या पुढे, थोडी जागा सोडून, आत्याने एका स्टँडवर पुठ्ठ्याचं टार्गेट उभं केलं होतं. त्याला खांदे होते, डोकं होतं, चेहरा नव्हता. मागचा दिवा लावला की पुठ्ठ्याच्या कडेकडेने उजेडाची एक अखंड रेघ उमटायची. आत्या म्हणायची, नजर त्या रेघेवर जाऊ द्यायची नाही, आतच ठेवायची.

इथे वापरायचं पिस्तूल सरावाचं होतं. वजन खऱ्याचं, पण नळी बुजवलेली. त्यात गोळी बसूच शकत नाही. ओढलं की फक्त खटका वाजतो. तरीसुद्धा आत्या रीत सोडायची नाही. पिस्तूल हातात घेतलं की स्लाइड, म्हणजे त्याचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची आणि उघडलेली जागा समोरच्याकडे तिरकी करून धरायची. समोरच्याने नीट वाकून बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, 'रिकामं'. मग समोरच्याने आपलं दाखवायचं, आपण बघायचं, आपण म्हणायचं. दोघांचं बघून झाल्याशिवाय कुणाचाही हात होल्स्टरकडे जायचा नाही.

मी एकदा विचारलं, नळीच बुजवलेली आहे तर कशाला? ती म्हणाली, नळी बुजवलेली आहे हे तुला माहीत आहे, तुझ्या हाताला नाही. क्लबमध्ये ज्या मुली एकमेकींशी बोलत नाहीत, त्यासुद्धा एवढं करतात. भांडण भांडणाच्या जागी.

३

एका दुपारी शाळेतून आले तेव्हा आत्या पुढे एका लहान मुलाला चष्मा घालायला मनवत होती. तो घालायचा आणि रडत लगेच काढून टाकायचा, आणि त्याची आई प्रत्येक वेळी नव्याने दचकायची. आत्याने मानेनेच मला खूण केली, तू सुरू कर.

मी मागे गेले. पेटीचा दिवा लावला, कमरेला होल्स्टर बांधलं, पिस्तूल काढलं, स्लाइड ओढली. आणि सवयीने ते समोर धरलं, दाखवायला.

समोर कुणी नव्हतं. टार्गेट होतं फक्त. तरी मी थांबले, आत्या बघून 'रिकामं' म्हणते तेवढा वेळ. मग मान हलवून पिस्तूल आत ठेवलं. यात विशेष काही नाही. अंधारात खुर्चीला धडकलं तरी आपण 'सॉरी' म्हणतो.

टायमर वाजला. मी पिस्तूल काढलं, खटका ओढला. वेळ पाहायला टायमर उचलला.

त्यावर दोन आवाजांची नोंद होती.

टायमरला डोळे नसतात, कान असतात. खटका वाजला की तो वेळ टिपतो. मी एकदाच ओढला होता. दुसरी नोंद माझी होती, माझी वेळ मला अंगाने ओळखता येते. पहिली तिच्या किंचित आधीची होती.

मी पुन्हा केलं. पुन्हा दोन.

४

मी घाबरले नाही, असं मला आत्ता लिहायला आवडेल. खरं म्हणजे घाबरायला काही नव्हतंच. पिस्तूल निघताना होल्स्टरला घासत असणार. मी आतून कापडाची पट्टी चिकटवली. पंखा बंद केला. टायमर लाकडी खोक्यावर होता, तो उशीवर ठेवला. माझ्या बांगडीचा आवाज असेल म्हणून तीही काढली. त्यानंतर बुटांचीही शंका आली आणि ते काढून अनवाणी उभी राहिले.

प्रत्येक वेळी दोन. आणि प्रत्येक वेळी माझा दुसरा.

शास्त्राच्या बाई सांगतात, सगळं बदलून पाहा आणि जे बदललं नाही त्याच्याकडे बघा. न बदललेली एकच गोष्ट होती. ती म्हणजे मी. म्हणून पुढच्या वेळी मी टायमर लावला आणि हात सैल सोडून नुसती उभी राहिले. पुढे त्या मुलाचं रडणं थांबलं होतं. आत्या त्याला काहीतरी हळू आवाजात सांगत होती. पेटीतल्या दिव्याची बारीक गुणगुण ऐकू येत होती.

टायमर वाजला. मी हलले नाही.

खट्.

स्पष्ट होतं. कोरडं, जवळचं, आणि समोरून आलेलं.

टायमरवर एकच नोंद होती. मी ती पाहिली आणि, कसं सांगू, मला तिची वेळ पहिल्यांदा नीट कळली. कुणाचीही वाट न बघता, कुठेही न अडखळता केलेली. इतकी सुरेख वेळ मी क्लबमध्येसुद्धा पाहिली नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी दुकानात आत्या एका फ्रेमचा स्क्रू बसवत होती तेव्हा सांगितलं. टायमर दोन आवाज दाखवतो, असं म्हटलं, आणि आता ती म्हणेल की बॅटरी बदल, म्हणून थांबले.

तिने स्क्रू बसवणं थांबवलं नाही. "आधी की नंतर?" तिने विचारलं.

मला वाटतं, त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला तसा त्या खोलीत एकदाही आला नव्हता.

"आधी," मी म्हणाले.

गिऱ्हाइकाचा नंबर वाढला की ती जशी मान हलवते तशी तिने हलवली. "खूप?"

"थोडंसंच."

"माझ्या वेळीही थोडंसंच असायचं."

पुढे तिने फार सांगितलं नाही. क्लबमध्येच ऐकू यायचं म्हणाली, सकाळी लवकर, कुणी नसताना. बरीच वर्षं ती त्याच्या मागे होती, तेवढ्याच थोड्याशा अंतराने. मी विचारलं, मग? म्हणाली, मग दुकान टाकलं. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचं खोकं ती काठीने पुढे ओढून घेते. घरात सगळे सांगतात की ती स्टुलावरून पडली होती. तिच्या तोंडून मी हे कधी ऐकलेलं नाही.

तेव्हाच तिने चष्मा पुसून मला ते बजावलं, कुणाला न सांगायचं. आणि म्हणाली, "बंद करायचं असेल तर आज कर. संघात नाही गेलीस म्हणून आभाळ कोसळत नाही."

"नाही," मी म्हणाले.

दाराशी आरशात फ्रेम लावून बघणारे एक काका वळून पाहायला लागले. इतक्या मोठ्याने मी त्याआधी कधी काही म्हटलं नव्हतं.

६

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले होते. हे विचित्र वाटेल, पण खरं आहे.

शाळेत कुणी कधी माझ्याशी शर्यत लावलेली नाही. धावायच्या वेळी मला वेळ धरायला उभं करतात. आता रोज दुपारी कुणीतरी माझ्यासमोर उभं राहत होतं आणि मला हरवत होतं, आणि उद्या पुन्हा यायचं होतं. मी त्याला 'ते' म्हणायचे. रोज पिस्तूल उघडून त्याला दाखवायचे, थांबायचे, मान हलवायचे. मग टायमर.

मी जलद होत गेले. हात कुठे वाया जातो ते कळायला लागलं. अंगठा आधी चुकायचा, तो बसला. खांदा उचलायची सवय होती, ती गेली. आत्या कधीकधी दारात उभी राहून बघायची. त्या वेळी टायमर एकच आवाज दाखवायचा. तिच्यासमोर ते यायचं नाही, की तिला बघून थांबायचं, कोण जाणे. ती म्हणायची, कोपर आत घे, आणि पुढे निघून जायची.

दीड सेकंद मी केव्हाच मागे टाकला होता. पण क्लबमध्ये एक मुलगी होती, तिला सगळे तोफ म्हणत. ती त्याहून पुढे होती. आणि ते तर तिच्याही पुढे होतं, आणि माझ्या पुढे नेहमी तेवढंच, थोडंसं. मी वाढले की तेही वाढायचं. मला वाटायला लागलं की मी त्याला पकडलं तर तोफ आपोआप मागे राहील.

निवडीच्या आदल्या आठवड्यात मी नेहमीसारखं पिस्तूल समोर धरलं, आणि तसंच धरून उभी राहिले. एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली. इतके दिवस ती कशी आली नव्हती, याचंच नवल वाटलं.

माझं रिकामं आहे हे मी त्याला रोज दाखवत होते. त्याने त्याचं मला एकदाही दाखवलं नव्हतं.

७

त्या दिवशी मी सराव केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आत्याने कारण विचारलं नाही, फक्त जेवण कमी झालंय एवढं आईला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मागे गेले. अजून ऊन होतं, पुढे दुकानात माणसं होती, कुणीतरी यंत्रातली अक्षरं वाचत होतं आणि आत्या म्हणत होती, आता खालची ओळ. मी दिवा लावला. स्लाइड ओढली, माझं दाखवलं, थांबले. मग पिस्तूल तसंच उघडं ठेवून म्हणाले, "आता तुझं."

काही झालं नाही. दिवा गुणगुणत होता. मी मनात म्हटलं, बघ, मूर्ख, पुठ्ठ्याशी बोलतेस.

मग टार्गेटच्या मागे स्लाइड ओढल्याचा आवाज आला. माझ्या स्लाइडपेक्षा जड, लांब, तेल दिलेला.

पुठ्ठ्याच्या उजव्या खांद्यापाशी उजेडाची रेघ तुटली. आधी बोटं दिसली. ती घाईत नव्हती. मग पिस्तूल बाहेर आलं, आणि आत्याने शिकवलं होतं अगदी तसंच तिरकं झालं, मला नीट दिसावं म्हणून. रीत अशी आहे की समोरच्याने दाखवलं तर बघितलंच पाहिजे, नजर चुकवायची नाही. मी बघितलं.

आत पितळेचा पिवळा ठिपका होता.

हात मागे गेला. उजेडाची रेघ पुन्हा सांधली.

भरलेलं असेल तर तसं म्हणायचं आणि दोघांनी मागे व्हायचं, असा नियम आहे. माझ्या पाठीमागे दार होतं. दाराच्या पलीकडे माणसं होती. चार पावलं टाकली असती तर मी आरशासमोर, फ्रेम लावून बघणाऱ्या काकूंच्या शेजारी उभी असते. आणि मग जन्मभर थोडंसं मागे. आत्यासारखं, वरच्या फळीवरचं खोकं काठीने ओढत.

"भरलेलं," मी म्हणाले. पूर्ण आवाजात. पुढे दुकानात अक्षरं वाचणं थांबलं.

मी पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवलं आणि टायमर लावला.

तो वाजायला जो वेळ लागला त्यात मला भीती वाटली नाही, हे मी अगदी खरं लिहितेय. हात सैल होते. चेहरा नसलेल्या त्या डोक्याकडे मी बघत होते आणि मला फक्त एवढंच दिसत होतं की खोली लांब आहे, स्वच्छ आहे, आणि माझी आहे.

टायमर वाजला. पिस्तूल कसं निघालं ते मला आठवत नाही. आठवतो तो खटका. माझा. खट्.

आणि मग शांतता.

समोरून काही आलं नाही. मी तशीच उभी होते, पिस्तूल रोखून, आणि रेघ पुन्हा तुटली. या वेळी कोपर होतं. ते हळूहळू खाली जात होतं, हरलेला माणूस हात खाली घेतो तसं.

आत्या दारात आली होती. "आधी की नंतर?" तिने विचारलं. तिला श्वास लागला होता.

"ते वाजलंच नाही," मी म्हणाले आणि टायमर तिच्यासमोर धरला.

तिने बराच वेळ तो बघितला. मग डाव्या हाताने आपलं उजवं कोपर धरलं आणि हसायला लागली. तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. काकू आत डोकावून विचारत होत्या की काय झालं, आणि आत्या हसतच होती.

८

निवड क्लबच्या रेंजवर होती. खरं पिस्तूल, खऱ्या गोळ्या. शेवटची जोडी तोफेची आणि माझी. तिने आपलं उघडून दाखवलं आणि मी 'रिकामं' म्हणाले ते पलीकडच्या टोकाला बूट बांधणाऱ्या मुलीनेही ऐकलं.

आधी तोफ. ती झकास करते, दणदणीत, सगळ्या अंगाने. मग मी.

टोपीवाल्या परीक्षक बाईंनी टायमर पाहिला, हलवला, पुन्हा पाहिला. म्हणाल्या, परत. मी परत केलं. गोळ्या एकमेकींना चिकटून मधल्या चौकोनात. त्यांनी टोपी मागे सरकवली आणि विचारलं, "शेजारच्या लेनमध्ये कुणी आहे का? तुझ्यामागून आणखी एक आवाज टिपतोय हा."

शेजारची लेन रिकामी होती. तिथे ऊन होतं आणि भिंतीला टेकवलेला एक झाडू.

"माझ्या मागून?" मी विचारलं.

"हो, थोडासाच. प्रतिध्वनी असेल."

मला हसू आवरेना. तोफेने माझ्या पाठीत असा गुद्दा मारला की मी पुढे गेले. "अगं मुके, इतके दिवस होतीस कुठे?" ती म्हणाली. जागा मला मिळाली होती. आत्या कठड्यापाशी उभी होती. तिने एक हात हलवला, डावा, जितका वर जाईल तितका.

९

आज शिबिराला निघायचं आहे. काल टोपीवाल्या बाईंचा फोन आला होता. शिबिरात सगळा सराव जोडीने असतो, पण मुली विषम आहेत आणि मी नवी, तेव्हा मला जोडीदार मिळणार नाही. चालेल ना, त्यांनी काळजीने विचारलं. मी म्हटलं, चालेल. दादा म्हणाला, हिला तर आवडेलच, कुणाशी बोलायला नको.

त्याला काय माहीत.

त्या दिवसापासून मागच्या खोलीत तेच आधी दाखवतं. मी दिवा लावायच्या आतच स्लाइडचा आवाज येतो. मी बघते. रिकामं असतं, रोज. मी तसं म्हणते. मग आम्ही सुरू करतो आणि दर वेळी मी पुढे असते. पण अंतर कमी होतंय. परवा आमचे दोन आवाज इतके जवळ आले की टायमरला ते वेगळे करता आले नाहीत. म्हणजे मी नसताना ते सराव करतं. मला हरवण्यासाठी कुणीतरी सराव करतंय, याचा मला किती अभिमान वाटतो ते मी कुणाला सांगू शकत नाही.

दादा खालून हाक मारतोय, गाडी आली. येते, म्हटलं. एवढं पुरं करते.

मघाशी मी निरोप घ्यायला मागे गेले होते. पिस्तूल आत्याने आधीच बंद करून ठेवलं आहे, म्हणून मी दिवा लावून नुसतीच उभी राहिले. म्हटलं, तिकडे मला जोडीदार नाहीये. येणार का?

पुठ्ठ्याच्या कडेची रेघ तुटली. हात बाहेर आला. त्यात या वेळी काहीच नव्हतं. सामना संपल्यावर खेळाडू करतात तसा तो पुढे केलेला होता, आणि पुढेच राहिला. मी खोलीच्या त्या टोकापर्यंत त्याआधी कधी गेले नव्हते. गेले. माझा हात पुढे केला. त्याने तो धरला, घट्ट नाही, अगदी नीट, आणि तेव्हा मला कळलं की त्याच्या उजव्या हाताचा अंगठा अगदी माझ्यासारखाच

हो रे दादा, आले